क्षमादानाचा अधिकार

क्षमादानाचा अधिकार : न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीस शिक्षेतून पूर्णतः वा अंशतः मुक्त करण्याचा राज्यप्रमुखाचा घटनादत्त अधिकार. भारतात तो संविधानाच्या अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतीस आणि अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालास आहे. हा अधिकार एका व्यक्तीच्या नावे असला, तरी प्रत्यक्ष निर्णय मंत्रिपरिषद, गृहखाते व सचिवालय यांच्याकडून घडत असतो. त्यामुळे ज्याच्या नावे क्षमादान झाले त्याने ते खरोखर दिले होते काय, आणि दिले नसल्यास ते कायद्याने टिकते काय, हा या विषयातील सर्वांत कळीचा प्रश्न ठरतो.

क्षमा या सामान्य नावाखाली वस्तुतः अनेक वेगवेगळे अधिकार येतात. क्षमेने दोषसिद्धी आणि शिक्षा ही दोन्ही पुसली जातात. सूट दिल्याने शिक्षेचे स्वरूप तेच राहते, केवळ मुदत घटते. शिक्षा सौम्य केल्याने तिचे स्वरूपच पालटते, उदा., देहदंडाऐवजी आजन्म कारावास. तहकुबी, विश्राम व निलंबन यांनी शिक्षा रद्द होत नाही, तिची अंमलबजावणी तेवढी पुढे ढकलली वा थांबविली जाते. लोकमान्य टिळकांच्या चरित्रात यांपैकी दोन प्रकार दिसतात. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात झालेल्या दीड वर्षाच्या शिक्षेतून त्यांची सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी सशर्त सुटका झाली, ती सूट होय. १९०८ मध्ये झालेल्या सहा वर्षांच्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचे मंडाले येथील साध्या कैदेत रूपांतर करण्यात आले, ते सौम्यीकरण होय. या दोन्ही वेळी निर्णय न्यायालयाचा नव्हता, तो सरकारचा होता.

इंग्रजी अमदानीत क्षमादान हा राजमुकुटाचा परमाधिकार मानला जाई. १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्याच्या कलम २९५ ने देहदंडासंबंधी प्रांतिक सरकारांबरोबर गव्हर्नर जनरलचा अधिकार मान्य केला आणि राजाचा मूळ अधिकार, तसेच त्याने गव्हर्नर जनरलकडे सोपविलेला अधिकार, अबाधित राखला. क्षमादान हा सोपविता येण्याजोगा अधिकार आहे, ही कल्पना त्यामुळे भारतीय कायद्यास नवी नव्हती. देहदंडाबाबत केवळ राष्ट्रपतीसच अधिकार असावा, असे घटना समितीत काही सभासदांनी डिसेंबर १९४८ मध्ये सुचविले. मसुदा समितीने चालत आलेली व्यवस्थाच कायम ठेवली आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास उत्तर दिले. अशा रीतीने देहदंडाच्या प्रकरणी राज्यपाल व राष्ट्रपती या दोघांकडेही दाद मागण्याची सोय राहिली.

राज्यप्रमुख बदलला की अधिकाराचा धनीही बदलतो. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या मराठवाड्यातील गावाच्या बाबतीत हा बदल अवघ्या बारा वर्षांत तीनदा झाला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व जिल्ह्यास भीर म्हणत. संविधान अमलात आल्यावर हैदराबाद हे ‘ब’ वर्गातील राज्य झाले. अशा राज्यांत अनुच्छेद २३८ अन्वये राज्यपालाच्या जागी राजप्रमुख असे. त्यामुळे २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत अनुच्छेद १६१ मधील अधिकार राजप्रमुख म्हणून मीर उस्मान अली खान यांच्याकडे, म्हणजे पूर्वीच्या निजामाकडेच राहिला. व्यक्ती तीच असली, तरी अधिकार मात्र तोच राहिला नव्हता. संस्थानिक या नात्याने तो स्वयंभू होता. राजप्रमुखास मात्र तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरणे भाग होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि अधिकार मुंबईच्या राज्यपालाकडे गेला; १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राच्या राज्यपालाकडे आहे.

या द्वैभाषिक राज्याच्या अखेरच्या दिवसांतच क्षमादानाच्या कायदेशीरपणाची पहिली मोठी कसोटी लागली. नौदलातील अधिकारी कावस माणेकशा नानावटी याने २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा याचा गोळ्या झाडून वध केला. सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यास निर्दोष ठरविले. न्यायाधीशास तो कौल अमान्य झाल्याने त्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी नानावटीस जन्मठेपेची शिक्षा दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी अनुच्छेद १६१ अन्वये आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा निलंबित राहावी आणि तोवर नानावटीस ‘आय. एन. एस. कुंजाली’ या नौदलाच्या ठाण्यातील कोठडीत ठेवावे, असा तो आदेश होता. अटकेचे अधिपत्र पोलिसांकडून न बजावता परत आले.

उच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने राज्यपालाचा आदेश वैध मानला. सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न निराळ्या रूपाने आला. अपिलाची परवानगी मागणाऱ्याने प्रथम तुरुंगात शरण गेले पाहिजे, असा त्या न्यायालयाचा नियम होता. नानावटी नौदलाच्या कोठडीत होता, कारागृहात नव्हता. ५ सप्टेंबर १९६० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला. शिक्षा निलंबित करण्याचा राज्यपालाचा अधिकार विस्तृत आहे. तथापि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या हाती आल्यावर शिक्षा निलंबित करावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या न्यायालयाचा. अपिलाचा अर्ज दाखल होईपर्यंत आदेश वैध होता. त्यापुढच्या काळात तो लागू होऊ शकत नव्हता. न्या. कपूर यांनी भिन्नमतपत्र लिहिले. राज्यपालाच्या अधिकारावर न्यायालयाच्या नियमांनी मर्यादा घालता येत नाही, असे त्यांचे मत होते आणि केवळ अनुच्छेदाचा शब्दशः अर्थ घेतल्यास ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. बहुमताने दोन घटनात्मक अधिकारांचा मेळ घातला, त्यांपैकी कोणासही निष्प्रभ केले नाही. पुढे २४ नोव्हेंबर १९६१ रोजी अपील फेटाळले गेले. निकाल लागल्यावर क्षमादानाचा अधिकार पुन्हा मोकळा झाला आणि १९६४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीस क्षमा केली. १९६० चा आदेश मर्यादित ठरला, १९६४ च्या आदेशास न्यायालयात धक्का लागला नाही. कारण दोहोंतील भेद अधिकाराच्या प्रमाणाचा नसून वेळेचा होता.

राज्यपाल स्वतः निर्णय घेतो काय, हा प्रश्न नानावटी प्रकरणात गौण राहिला. त्याचे उत्तर क्षमादानाबाहेरील निर्णयांतून घडत गेले. संविधान कार्यकारी अधिकार राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या ठायी ठेवते; पण त्याचबरोबर अनुच्छेद ७७ व १६६ अन्वये सर्व कारभार त्यांच्या नावे चालावा, आदेशांचे अधिप्रमाणन नियमांनुसार व्हावे आणि मंत्र्यांमध्ये कामाची वाटणी कार्यनियमावलीने व्हावी, असेही सांगते. मुंबई राज्याच्या १९५२ मधील दोन स्थानबद्धता प्रकरणांनी यातील तांत्रिक बाजू स्पष्ट केली. पुरुषोत्तम जोग नाईक यांच्या प्रकरणात आदेश ‘मुंबईचा राज्यपाल’ याऐवजी ‘मुंबई सरकार’ या नावे निघाला होता. न्यायालयाने आशय पाहून तो ग्राह्य धरला. दत्तात्रेय मोरेश्वर पंगारकर यांच्या प्रकरणात अनुच्छेद १६६ मधील नमुना हा निदेशात्मक आहे, असे ठरले. नमुना पाळला असल्यास आदेशाच्या खरेपणाविषयी संरक्षण मिळते. तो न पाळल्यास आदेश आपोआप रद्द होत नाही, परंतु सक्षम अधिकाऱ्याने निर्णय खरोखर घेतला होता हे सरकारला पुराव्याने दाखवावे लागते. सही, शिक्का व मथळा यांचे कायद्यातील स्थान एवढेच आहे. याच्या उलट, केवळ धारिकेवर मंत्र्याने लिहिलेला शेरा हा आदेश नव्हे. तो राज्यपालाच्या नावे निघून संबंधितास कळविला गेल्यावरच आदेश होतो, असे बच्चितर सिंग यांच्या प्रकरणात (१९६२) सांगितले गेले. दयेच्या अर्जावर ‘मान्य’ असे लिहिले गेले म्हणून कैद्यास हक्क प्राप्त होत नाही, तो यामुळे.

ज्यास सर्वसाधारणपणे अधिकारप्रदान म्हटले जाते, ते कायद्याच्या दृष्टीने बहुधा अधिकारप्रदान नसते. अधिकारप्रदानात एक जण आपला अधिकार दुसऱ्यास देतो आणि दुसरा तो स्वतःच्या नावे वापरतो. मंत्रालयातील सचिव मात्र सरकारचाच अवयव असतो; त्याने घेतलेला निर्णय सरकारचाच निर्णय होय. इंग्लंडमध्ये १९४३ च्या कार्ल्टोना प्रकरणात हे तत्त्व मांडले गेले. युद्धकाळात एक कारखाना ताब्यात घेण्याचा निर्णय मंत्र्याऐवजी एका अधिकाऱ्याने घेतला होता. तो मंत्र्याचाच मानला गेला, कारण एका मंत्र्याने हजारो बाबी स्वतः पाहाव्यात ही अपेक्षाच व्यवहार्य नाही. भारतात संजीवी नायडू यांच्या प्रकरणात (१९७०) सर्वोच्च न्यायालयाने हेच स्वीकारले. या तत्त्वाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शिबनाथ बॅनर्जी यांच्या प्रकरणात (१९४५) बंगालमधील स्थानबद्धतेचे काही आदेश प्रिव्ही कौन्सिलने अवैध ठरविले. पोलिसांची शिफारस येताच गृहखात्यातील अधिकारी ठरीव रीतीने आदेश काढीत; त्यामागे कोणाचाही विचार झालेला नव्हता. निर्णय कोणत्या पायरीवर व्हावा याबाबत कायदा उदार आहे. तो कोठेच झाला नाही, हे मात्र त्यास चालत नाही.

क्षमादानास हा विचार सरळ लागू करण्याचे काम दोन निकालांनी केले. शमशेर सिंग प्रकरणात (१९७४) सात न्यायाधीशांनी राष्ट्रपती व राज्यपाल हे अपवादात्मक बाबी वगळता मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानेच वागतात, असे सांगितले. मारू राम प्रकरणात (१९८०) न्या. कृष्ण अय्यर यांनी क्षमादान हा त्या अपवादांत मोडत नाही, हे स्पष्ट केले. अनुच्छेद ७२ व १६१ मधील अधिकार सरकारचा आहे आणि राज्यप्रमुख त्या सल्ल्याने बांधलेला आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) राष्ट्रपतीवरील हे बंधन लिखित झाले. ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा त्यास मिळाली. सल्ला नाकारता येत नाही, पण निर्णयास मुदत नाही. म्हणून अर्ज प्रलंबित ठेवणे हाच काही राष्ट्रपतींच्या हाती उरलेला एकमेव स्वतंत्र अधिकार झाला, असे दिसते.

सल्ला देणे मंत्रिपरिषदेचे, पण तो पुढे पाठविण्यास राज्यपालाने नकार दिला तर? राजीव गांधी यांच्या हत्येच्या खटल्यातील ए. जी. पेरारिवलन याच्याबाबत तमिळनाडू मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये सुटकेची शिफारस केली. राज्यपालाने ती दीर्घ काळ ठेवून अखेर राष्ट्रपतीकडे पाठविली. या कृतीस संविधानात आधार नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२२ रोजी स्वतःच त्याची सुटका केली. राज्यपालास आपला निर्णय वरच्या पदाकडे सोपविता येत नाही, हे यातून निष्पन्न होते.

अधिकाराचा धनी चुकल्यास निर्णय मुळातूनच अवैध ठरतो. फौजदारी प्रक्रिया संहितेखाली शिक्षेत सूट देणारे ‘समुचित सरकार’ म्हणजे ज्या राज्यात दोषसिद्धी झाली त्या राज्याचे सरकार. २००२ च्या गुजरात दंगलींतील एका खटल्याची सुनावणी मुंबईस वर्ग झाली होती. त्यातील अकरा दोषींना गुजरात सरकारने २०२२ मध्ये सूट देऊन सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली व सर्वांना पुन्हा तुरुंगात पाठविले. हा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता आणि गुजरातने तो बळकावला, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात ही वैधानिक सूट होती, घटनात्मक क्षमा नव्हे. वैधानिक सूट देहदंडपात्र गुन्ह्याच्या जन्मठेपेत चौदा वर्षांपूर्वी देता येत नाही. अनुच्छेद ७२ व १६१ यांना ही अट लागू नाही.

न्यायालयाने क्षमादानात किती डोकवावे? केहर सिंग प्रकरणात (डिसेंबर १९८८) असे ठरले की, राष्ट्रपती पुरावा नव्याने तपासून न्यायालयाहून वेगळ्या निष्कर्षास येऊ शकतो. अर्जदारास तोंडी सुनावणीचा हक्क नाही. निर्णयाचे गुणावगुण न्यायालय पाहणार नाही, अधिकाराची व्याप्ती मात्र पाहील. यापुढचे पाऊल आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात पडले. ऑगस्ट २००५ मध्ये तेथील राज्यपालांनी, त्या वेळी या पदावर महाराष्ट्रातील सुशीलकुमार शिंदे होते, एका कैद्याच्या शिक्षेत सूट दिली. सरकारी धारिकेतील एका अहवालात हा कैदी चांगला काँग्रेस कार्यकर्ता असल्याचे नमूद होते. इपुरू सुधाकर या निकालात (११ ऑक्टोबर २००६) सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जात, धर्म वा पक्षनिष्ठा हे दयेचे निकष होऊ शकत नाहीत. विचार न करता, दुष्ट हेतूने, गैरलागू माहितीवर वा महत्त्वाची माहिती वगळून दिलेली क्षमा टिकणार नाही. जी माहिती राज्यप्रमुखासमोर ठेवली जाते, तीवरच सारे अवलंबून असल्याने हा शेवटचा निकष व्यवहारात सर्वांत बोचक ठरला आहे. २०१२ मध्ये देशातील एका दयेच्या अर्जावर देहदंड सौम्य करण्यात आला. तो कैदी कर्नाटकातील कारागृहात त्यापूर्वी सुमारे पाच वर्षे मरण पावला होता. कारागृहापासून राष्ट्रपती भवनापर्यंतच्या पायऱ्यांपैकी कोणत्याही एकीवर ही वार्ता लिहिली गेली असती, तर हे घडले नसते.

विलंब हाही वैधतेचाच प्रश्न आहे. शत्रुघ्न चौहान प्रकरणात (२१ जानेवारी २०१४) अवाजवी विलंबाच्या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने अनेकांचे देहदंड सौम्य केले आणि अर्ज फेटाळल्याची सूचना व फाशी यांत किमान चौदा दिवसांचे अंतर असावे, असे ठरविले. महाराष्ट्रातील दोन प्रकरणे या संदर्भात बोलकी आहेत. कोल्हापूरच्या बालक-अपहरण व खून खटल्यातील दोन बहिणींचे देहदंड २००६ मध्ये कायम झाले आणि त्यांचे अर्ज २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांना आजन्म कारावास दिला. मंत्रालयात धारिका अडून पडल्या व सुमारे आठ वर्षे गेली, याचा दोष न्यायालयाने सरकारी यंत्रणेस दिला. पुण्यातील २००७ च्या बलात्कार व खुनाच्या प्रकरणात क्षमायाचना २०१७ पर्यंत फेटाळली गेली होती, पण फाशीचे अधिपत्र २०१९ मध्ये निघाले. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दोघांचा देहदंड सौम्य केला व ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. दयेच्या अर्जांसाठी राज्यांच्या गृहखात्यांत स्वतंत्र कक्ष असावेत, असे निर्देशही दिले. पीडितांच्या कुटुंबांस या विलंबाचा त्रास कैद्याइतकाच होतो. त्यांच्या बाजूने कोणी न्यायालयात मोजणी केलेली नाही. उलट अजमल कसाब याचा अर्ज राष्ट्रपतींनी ५ नोव्हेंबर २०१२ रोजी फेटाळला आणि २१ नोव्हेंबर रोजी येरवडा कारागृहात त्यास फाशी देण्यात आली. याकूब मेमन याचा दुसरा अर्ज २९ जुलै २०१५ च्या रात्री फेटाळला गेला; सर्वोच्च न्यायालयात पहाटेपर्यंत सुनावणी होऊन ३० जुलैच्या सकाळी नागपूरला फाशी झाली.

परदेशांत सहीच्या प्रश्नाने अलीकडे वेगळे रूप घेतले आहे. अमेरिकेत क्षमादान राष्ट्राध्यक्षाचा व्यक्तिगत अधिकार आहे व तेथे मंत्रिपरिषदेचा सल्ला बंधनकारक नाही. जो बायडन यांनी जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या काही क्षमा यंत्राने उमटविलेल्या सहीच्या असल्याने रद्दबातल आहेत, असे डोनाल्ड ट्रंप यांनी त्याच वर्षी जाहीर केले. तथापि क्षमेस लेखी रूपच हवे असे अमेरिकी संविधान सांगत नाही, असे एका संघीय अपील न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले होते. विधेयकांबाबत तेथील न्यायखात्याच्या सल्लागार विभागाने २००५ मध्ये दिलेले मत असे : सही करण्याचे काम दुसऱ्याकडून करविता येते, सही करावी हा निर्णय मात्र दुसऱ्यास सोपविता येत नाही. भारतीय कायद्याने अधिप्रमाणन व निर्णय यांत केलेला भेद तत्त्वतः हाच आहे. फरक इतकाच की, भारतात निर्णय घेणारी ‘व्यक्ती’ वस्तुतः मंत्रिपरिषद असते, आणि म्हणून राष्ट्रपतीच्या हस्ताक्षराचा वाद येथे उद्भवण्यास जागा कमी. इंग्लंडमध्ये पूर्वी गृहमंत्री राजाच्या नावे सल्ला देत असे. १९५३ मध्ये फाशी गेलेल्या डेरेक बेंटली याच्या प्रकरणात गृहमंत्र्याने क्षमेच्या स्वरूपाचा पुरेसा विचार केला नाही, असे न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटले आणि त्यानंतर मृत बेंटलीस मर्यादित क्षमा मिळाली.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४७२ ने देहदंडातील दयेच्या अर्जास प्रथमच मुदती घातल्या. कारागृह अधीक्षकाने कळविल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा. राज्यपालाने फेटाळल्यास साठ दिवसांत राष्ट्रपतीकडे अर्ज करावा. केंद्र सरकारने राज्याचे अभिप्राय मागवून साठ दिवसांत शिफारस पाठवावी. राष्ट्रपतीने किती दिवसांत निर्णय द्यावा, हे मात्र कलमात नाही. राष्ट्रपती वा राज्यपाल यांचा निर्णय अंतिम असून तो कसा झाला याची कोणत्याही न्यायालयात चौकशी होणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. इपुरू सुधाकर निकालातील पुनर्विलोकन अनुच्छेद ३२ व २२६ यांवर आधारलेले असल्याने साध्या कायद्याने ते बंद करता येईल, असे मानणे कठीण दिसते.